काळी बिअर घ्यायची तर कोणती? नागपूरच्या उन्हात आणि सावजीसोबत स्टाउट, पोर्टर आणि श्वार्त्सबिअर

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. रात्रीचे साडेआठ झाले तरी भिंतीला हात लावला की चटका बसत होता. वर्ध्याचा मावसभाऊ कामानिमित्त आला होता, म्हणून आम्ही दोघं लक्ष्मीनगरकडच्या आमच्या नेहमीच्या छोट्या पबात जाऊन बसलो. तिथे बिअरचे चार नळ आहेत. तिघांवर काय असतं ते मला पाठ आहे. चौथ्यावरची बिअर बदलत राहते आणि तिचं नाव काउंटरमागच्या फळ्यावर खडूनं लिहितात. त्या रात्री फळ्यावर लिहिलं होतं: श्वार्त्सबिअर.

जर्मन भाषेत श्वार्त्स म्हणजे काळा. जर्मनीच्या थुरिंगिया भागातली ही काळी लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवून मुरवलेली बिअर. तिच्याबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण नागपुरातल्या कुठल्याही नळावर आजवर ती मला दिसली नव्हती.

"एकच केग आला भाऊ पुण्याहून," काउंटरवरचा पोरगा म्हणाला. "पुन्हा येईन का नाही, सांगता येत नाही. घेऊन पाहा."

योग असा की शेजारच्याच नळावर स्टाउट होती आणि फ्रिजमध्ये पोर्टरच्या बाटल्या होत्या. आम्ही तिन्ही लहान ग्लासांत मागवल्या आणि एका ओळीत मांडल्या. त्यानंतर केग, म्हणजे बिअरचं ते पिंप, संपेपर्यंत मी आणखी तीनदा गेलो. एकदा नुसती बिअर प्यायलो, एकदा सावजी मटणासोबत आणि एकदा संत्रा बर्फीसोबत. ज्याला पिवळ्या बिअरची सवय आहे, काळी एकदा घेऊन पाहायची इच्छा आहे, पण फळ्यापुढे उभं राहिल्यावर कोणती सांगावी ते सुचत नाही, त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

माझा कौल आधीच देतो. नागपूरचा उन्हाळा असेल आणि समोर तिखट जेवण येणार असेल, तर श्वार्त्सबिअर घ्या. डिसेंबर-जानेवारीची रात्र असेल आणि जेवण होऊन गेलं असेल, तर स्टाउट. पोर्टर या दोघींच्या मधली. आता कारणं.

रंगावरून वजन ठरत नाही

मावसभावानं तिन्ही ग्लास पाहिले आणि म्हणाला, "दादा, हे तं लय कडक दिसून राहिलं. एकातच काम होऊन जाईन." ही समजूत मी किती जणांकडून ऐकली आहे! काळी म्हणजे कडक, काळी म्हणजे जड. खरं तर बिअरचा रंग येतो भाजलेल्या धान्यातून. बार्लीला मोड आणायचे, ते वाळवायचे, मग भाजायचे. याला माल्ट म्हणतात. फिकट बिअरचा माल्ट हलक्या आंचेवर वाळवलेला असतो आणि काळ्या बिअरमध्ये त्यातला थोडा भाग दोनशे अंशांच्या वर, जवळजवळ कॉफीइतका भाजलेला असतो. थोडाच. शंभर किलो धान्यात काळं धान्य साधारण पाच ते दहा किलो. तेवढ्यानं सगळा ग्लास काळा होतो. मद्यार्क किती येणार ते एकूण साखरेवर ठरतं, त्याच्याशी या रंगाचा संबंध नाही.

आकडे पाहा. आयर्लंडची गिनेस ड्राफ्ट, जगातली सगळ्यात प्रसिद्ध काळी बिअर, ४.२ टक्के मद्यार्काची आहे. ३५५ मिलिलिटरमध्ये तिच्यात सुमारे १२५ कॅलरी असतात, नेहमीच्या ५ टक्क्यांच्या पिवळ्या बिअरपेक्षा कमीच. थुरिंगियातली क्योस्ट्रित्सर ही श्वार्त्सबिअर ४.८ टक्के. आणि आपण ज्या पिवळ्या 'स्ट्राँग' बाटलीला साधी बिअर समजतो ती ८ टक्क्यांपर्यंत जाते. ६५० मिलीची तशी एक बाटली संपवली तर पोटात सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क जातो. ३३० मिली श्वार्त्सबिअरमध्ये तो साडेबारा ग्रॅमच्या आसपास असतो. मावसभावाला मी हा हिशोब रुमालावर मांडून दाखवला.

काळ्या बिअरनं रक्त वाढतं असंही सांगणारे भेटतात. १९२९ मध्ये गिनेसनं 'गिनेस तब्येतीला चांगली' अशा अर्थाची जाहिरात सुरू केली, तिचा हा दूरचा पडसाद असावा. काळ्या बिअरमधलं लोह नगण्य असतं. लोहासाठी पालक आणि हाळीव आहेत.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: काही काळ्या बिअर खरोखरच कडक असतात. इंपीरियल स्टाउट, डॉपेलबॉक, बाल्टिक पोर्टर ही नावं दिसली की टक्केवारी विचारा. गिनेसचीच 'फॉरेन एक्स्ट्रा' ही बाटली ७.५ टक्क्यांची आहे, ड्राफ्टच्या जवळपास दुप्पट. नाव एकच पाहून फसू नका.

तीन ग्लास

स्टाउट आणि पोर्टर या मुळात एकाच घरच्या. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये ओझी वाहणाऱ्या हमालांना, म्हणजे पोर्टरांना, जी गडद तपकिरी बिअर प्रिय होती तिला त्यांचंच नाव पडलं. तिच्यातली जी जास्त दमदार, ती 'स्टाउट पोर्टर', आणि पुढे नुसती स्टाउट. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या माणसानं फिरत्या पिंपात माल्ट भाजायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि न जाळता कोळशासारखा काळा माल्ट मिळू लागला. आजची काळीभोर बिअर तिथून पुढची आहे.

आमच्या टेबलावरची स्टाउट आयरिश पद्धतीची होती. अपारदर्शक. मोबाइलचा टॉर्च मागे धरला तरी उजेड आरपार येईना. फेस मलईसारखा, कारण अशा नळात कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन वापरतात. त्याचे बुडबुडे बारीक असतात आणि तोंडात टोचत नाहीत. चव कोऱ्या कॉफीची, शेवटी कोरडा कडवटपणा. हा कडवटपणा मोड न आणता भाजलेल्या बार्लीतून येतो. गिनेसचं गाव म्हणजे आयर्लंडमधलं डब्लिन. तिथल्या पाण्यात क्षार जास्त, आणि भाजलेलं धान्य आम्लधर्मी, म्हणून त्या पाण्यात ही बिअर जमली. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी थांबणाऱ्या नागपूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. कशात काय शिजेल ते पाणी ठरवतं.

पोर्टर नरम होती. तपकिरी-काळी, कडेला लालसर. तिच्यात चॉकलेट माल्ट असतो. त्यात चॉकलेट मुळीच नसतं, रंगावरून नाव पडलं आहे. चव भाजलेल्या शेंगदाण्याची आणि थोडी गुळाच्या पाकाची. वाईट काहीच नव्हतं तिच्यात. पण तिच्याविषयी सांगण्यासारखं तेवढंच आहे, आणि बाटली बहुधा जुनी झालेली होती.

श्वार्त्सबिअर उजेडासमोर धरली आणि मावसभाऊ पुढे वाकला. वरून काळी दिसणारी ती बिअर आतून डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती आणि स्वच्छ पारदर्शक. फेस बदामी रंगाचा. नाकाशी नेली तर खरपूस भाकरीचा वास. घोट घेतला आणि मी थोडा वेळ बोललोच नाही. डोळे मिटून प्यायलो असतो तर हिला काळी म्हटलं नसतं, इतकी हलकी. आधी भाकरीचा गोडवा, मग पुसट कॉफी, आणि गिळल्यावर सगळं साफ. जिभेवर काही रेंगाळत नाही. दुसरा घोट आपोआप घेतला जातो.

हे कसं साधतं? आपल्याकडे भरताचं वांगं निखाऱ्यावर भाजतात. वरचं साल जळून कोळसा होतं, ते सोलून टाकतात, आणि आतल्या गरात भाजल्याचा सुवास राहतो, करपल्याची कडू चव जाते. श्वार्त्सबिअर करणारे बरेच जण असंच करतात. टरफल काढलेली बार्ली भाजतात. जर्मनीतल्या बांबेर्गची वायरमान ही माल्ट कंपनी असा माल्ट खास करते. टरफलातला तुरटपणा गेला की रंग आणि सुवास उरतो. वर ही लागर असल्यानं आंबवण थंडाव्यात, साधारण १० अंशांच्या आसपास होतं, आणि नंतर शून्याजवळच्या तापमानाला बिअर काही आठवडे मुरत ठेवतात. त्यात सगळ्या कडा गुळगुळीत होतात.

मग ती दिसत का नाही?

मुरवण्यातच ती दुर्मीळ असण्याचं कारण आहे. स्टाउट आणि पोर्टर या एल आहेत. त्यांचं यीस्ट २० अंशांच्या आसपास भराभर काम करतं आणि दोन-तीन आठवड्यांत बिअर नळाला लागते. लागरला सहा-आठ आठवडे टाकी अडकते. लहान ब्रुअरीत टाक्या मोजक्याच. एका टाकीत श्वार्त्सबिअर थंड करत ठेवायची, त्याच वेळात दोन-तीनदा गव्हाची बिअर काढून विकता आली असती. गव्हाची बिअर सगळे मागतात, श्वार्त्सबिअरचं नाव वाचतानाच गिऱ्हाईक अडखळतं. ज्यानं हा केग भरला त्यानं तोटा सोसून भरला असावा असं मला वाटतं, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर आहे.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली या लहान ब्रुअरीनं ताज्या बिअरची सुरुवात केली तेव्हापासून महाराष्ट्रात तिला गिऱ्हाईक तयार होत गेलं. आपल्या शेजारी छत्तीसगडची सिम्बा ही बिअर कंपनी बाटलीत स्टाउट विकते. काळी बिअर आता अगदी अनोळखी राहिलेली नाही. पण काळी म्हणजे स्टाउट असं समीकरण पक्कं होत चाललं आहे, आणि ते मोडायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या हवेला आणि आपल्या ताटाला श्वार्त्सबिअर जास्त मानवते.

सावजीसोबत

दुसऱ्या खेपेला मी ठरवून सावजी सुकं मटण मागवलं. सोबत तिन्ही ग्लास.

सावजी नुसतं तिखट नसतं. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं हे जेवण. सुकं खोबरं, दगडफूल, मिरी, लवंग असं बरंच काही आधी भाजून, वाटून त्याचा काळपट मसाला होतो. पूर्वी ते जवसाच्या तेलात करत. म्हणजे ताटात आधीच भाजलेपणाची एक दाट चव असते, आणि तिच्यावर मिरचीचा जाळ.

मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही. बिअर म्हणजे बहुतांश पाणीच, म्हणून कुठलीही बिअर तिखट विझवत नाही, हे आधी कबूल करू. प्रश्न एवढाच की कोणती बिअर ते आणखी भडकवते. मद्यार्क जास्त असला की जळजळ वाढते, कडवटपणाही तिला धार लावतो, आणि जोराचे बुडबुडे जिभेला टोचतात. थोडा गोडवा असला की जरा निवतं.

स्टाउटचा घोट मटणावर घेतला आणि लगेच कळलं. मसाल्याचं भाजलेपण अधिक बिअरचं भाजलेपण, दोन्ही मिळून करपल्यासारखी चव झाली. खोबरं एक मिनिट जास्त तव्यावर राहिलं की रस्सा कडू होतो, तसं काहीसं. कडवटपणामुळे तिखट घशात जास्त वेळ राहिलं. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी उत्तम, पण एकत्र नकोत.

पोर्टरनं निभावून नेलं. तिचा गोडसर पाक मटणाच्या तेलाला धरून राहिला. पण गरम हवा, गरम ताट आणि वर ही भरल्यासारखी बिअर; अर्ध्या ग्लासानंतर मला नको झाली.

श्वार्त्सबिअरला मात्र सावजीचा मसाला ओळखीचा वाटला. तिच्या भाकरीसारख्या गोडव्यानं खोबऱ्याची खमंग बाजू वर आणली, मसाल्यातली लवंग आणि दगडफूल वेगवेगळे कळले, आणि थंड, साफ शेवटामुळे तेल जिभेवरून धुऊन निघालं. तिखट होतंच. घाम आलाच. पण पुढचा घास घ्यायला तोंड तयार होतं. पबच्या स्वयंपाकघरातून आलेल्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि हा घोट, एवढंही पुरेसं होतं.

चखण्याला काय घ्यावं? खारे शेंगदाणे किंवा चणे-फुटाणे घ्या. पाटोडीही चालते. चीज घातलेलं काही मागवलंत तर पोर्टरकडे वळा. भाजलेलं पनीर किंवा तंदुरी कोंबडी असेल तर पोर्टरच.

स्टाउटची वेळ

स्टाउटवर मी अन्याय करतो आहे असं कुणाला वाटू नये. तिसऱ्या खेपेला पबवाल्याची परवानगी घेऊन मी संत्रा बर्फी बरोबर नेली होती, आणि त्या दिवशी स्टाउट बाकी दोघींच्या फार पुढे होती. संत्र्याचा आंबटगोड सुवास आणि कॉफीसारखा कडवटपणा यांचं जे जमतं ते अनुभवायलाच हवं. श्वार्त्सबिअर त्या बर्फीपुढे पाण्यासारखी लागली. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात आली, रात्री स्वेटर लागू लागलं, की जेवणानंतर एक छोटा ग्लास स्टाउट आणि सोललेलं संत्रं असा बेत करा.

स्टाउटच्या पोटजाती मात्र विचारून घ्या. मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर, लॅक्टोज, घालतात; यीस्टला ती पचत नाही म्हणून ती गोडी टिकून राहते. ज्यांना दूध बाधतं त्यांनी ती टाळावी. ओटमील स्टाउट ओट्समुळे मऊ लागते, पहिल्यांदा काळी बिअर घेणाऱ्याला ती कोरड्या आयरिश स्टाउटपेक्षा सोपी जाईल.

मागवताना

आधी चाखायला मागा. चांगल्या ठिकाणी दोन घोट नुसते देतात, त्यात संकोच करू नका. केग कधी उघडला ते विचारा. पुण्याहून सातशे किलोमीटर आलेली ताजी बिअर वाटेत थंड राहिली होती का, हा प्रश्न आपल्या उन्हाळ्यात अगदी रास्त आहे. आमच्या पबवाल्यानं गाडी, तारीख सगळं न चिडता सांगितलं, आणि मला ते फार आवडलं. आंबूस वास आला, किंवा लागरला लोण्याच्या पॉपकॉर्नसारखा वास आला, तर ग्लास परत करा. पहिल्यात नळाची सफाई झालेली नसते, दुसऱ्यात मुरवायला वेळ कमी पडलेला असतो.

बर्फाळ ग्लास नको म्हणा. फार गार बिअरची चव जिभेला कळत नाही. श्वार्त्सबिअर ७-८ अंशांना छान लागते, पोर्टर १०-१२ ला. मे महिन्यात ग्लास टेबलावर दहा मिनिटं राहिला की तेवढा फरक आपोआप पडतो, म्हणून उन्हाळ्यात मोठा ग्लास घेऊच नये. लहान घ्यावा, संपला की दुसरा. मध्ये पाणी पीत राहावं. पंचेचाळीस अंशांच्या दिवशी बिअरनं तहान भागल्यासारखी वाटते, पण शरीरातलं पाणी जास्तच बाहेर जातं.

गाडी घेऊन जाऊ नका. शंभर मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि दोन ग्लासांत ती सहज ओलांडते. महाराष्ट्रात सौम्य बिअरला वयाची अट २१ वर्षांची आहे, कडक दारूला २५ वर्षांची.

श्वार्त्सबिअर नळावर नसेलच, आणि तुमच्याकडे तशीच हलकी काळी बिअर हवी असेल, तर डुंकेल विचारा. म्युनिकची ही गडद तपकिरी लागर, श्वार्त्सबिअरपेक्षा जरा गोड, कॉफी जवळजवळ नाही, पावाच्या कडेची चव जास्त. सावजीसोबत तीही जमेल. डुंकेलही नसेल आणि फक्त स्टाउट असेल, तर जेवणाआधी घ्या, तिखट येण्यापूर्वी संपवा.

चौथ्या खेपेला मावसभाऊ पुन्हा नागपुरात होता. केगमध्ये शेवटचे काही ग्लास उरले होते. त्यानं विचारलं, "दादा, एखादी बाटली भरून देईन का हा? बाबांना चाखवतो." वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, नेता येणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. मग त्यानं मोबाइलवर वडिलांना फोन लावला आणि उजेडासमोर ग्लास धरून त्याचा लाल रंग दाखवला. पलीकडून मावसोबा म्हणाले, "अगा, हे तं काळं नाहीच. डाळिंबाचं सरबत हाय का?"

पोरानं फळा पुसला तेव्हा मी त्याला एक कागद दिला. त्यावर आमच्या गल्लीतल्या नऊ जणांची नावं होती, पुढचा केग आला तर येणार म्हणून कबूल झालेले. तो कागद त्यानं गल्ल्याच्या वरच्या भिंतीला चिकटवला आहे.